परळच्या प्रयोगशाळेतील डॉ. लुसी विल्स

गिरण्यांच्या भोंग्यांवर मुंबईचा दिवस उगवत आणि मावळत असे, त्या काळातील ही हकिकत. १९२८ साली चाळिशीतील एक इंग्रज स्त्री-डॉक्टर परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाल्या. कधीकाळी गव्हर्नरांचे निवासस्थान असलेल्या त्या वास्तूला प्लेगवरील लशीच्या संशोधनाची परंपरा होती. डॉ. लुसी विल्स यांच्यापुढील प्रश्न मात्र निराळा होता. शहरातील गरीब गर्भवती स्त्रिया, विशेषतः कापडगिरण्यांत राबणाऱ्या बायका, एका तीव्र रक्तक्षयाने खंगत होत्या. बाळंतपण जवळ येई तसतसा चेहरा पांढराफटक पडे, दोन पावले चालताच धाप लागे, आणि कित्येकींना त्यातून उठणे होत नसे. मातामृत्यूंच्या चौकशीचे काम करणाऱ्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी या कामासाठी विल्स यांना पाचारण केले होते.

१० मे १८८८ रोजी बर्मिंगहॅमजवळील सटन कोल्डफील्ड येथे त्यांचा जन्म झाला. घरात विज्ञानाचे वातावरण होते. वडील विज्ञानाचे पदवीधर, तर आईचे वडील बर्मिंगहॅममधील नामांकित डॉक्टर. केंब्रिजच्या न्यूनॅम कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्राचा अभ्यास केला. परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या, पण केंब्रिज विद्यापीठ १९४८ पर्यंत स्त्रियांना रीतसर पदवीच देत नसे! पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. केपटाउनच्या इस्पितळात त्यांनी स्वयंसेविका म्हणून शुश्रूषेचे काम केले आणि परतल्यावर १९१५ मध्ये लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. डॉक्टर झाल्या तेव्हा वय होते ३२. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी रॉयल फ्री हॉस्पिटलची प्रयोगशाळा पसंत केली.

मुंबईत आल्यावर प्रथम संशय घेतला गेला तो जंतुसंसर्गाचा. तसा पुरावा मिळेना, तेव्हा विल्स यांनी मोर्चा वळवला तो स्वयंपाकघराकडे. रुग्णाच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि त्याच वेळी तिच्या ताटात काय पडते याची नोंद घ्यायची, अशी ही दुहेरी पाहणी होती. आज कोणत्याही मोठ्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ रुग्णाची पोषणस्थिती तपासतात ती साधारण याच वाटेने. १९२८ मध्ये ती वाट रुळलेली नव्हती. कोणत्या घरात काय शिजते, दूध, फळे, भाजीपाला किती पोटात जातो, घर कसे आहे, उजेड-वारा किती, या साऱ्याची पाहणी झाली. ती विल्स आणि तळपदे या दोन नावांनी प्रसिद्ध झाली. विल्स यांच्या मुंबईतील शोधनिबंधांवर मेहता, बिलिमोरिया अशी आणखीही नावे भेटतात. विल्स यांची कथा सांगताना ही मंडळी बहुधा गाळली जातात, हे योग्य नव्हे.

पाहणीतून चित्र स्पष्ट झाले. ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट, त्यांच्यातच हा रक्तक्षय सर्वाधिक. शहरातील गरीब मुसलमान स्त्रिया या दोन्ही बाबतींत सर्वांत वाईट स्थितीत होत्या. नोकरीपेशातील सुस्थित घरांत तो क्वचितच दिसे. दोष जातीधर्माचा नव्हता, रिकाम्या ताटाचा होता.

पण ताटात नेमके काय कमी होते? रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटलेल्या आणि आकाराने फुगलेल्या दिसत. नेमके हेच चित्र ‘पर्निशियस अॅनिमिया’ या घातक रक्तक्षयातही दिसते आणि त्यावर यकृत खाऊ घालण्याचा उपाय अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये दाखवून दिला होता. मुंबईच्या बायकांनाही यकृताचा गुण येई. अडचण एवढीच, की गरिबाच्या खिशाला ते परवडणारे नव्हते. शिवाय अनेक घरांत ते शिजलेच नसते!

विल्स यांनी उंदरांना गरीब स्त्रियांच्या आहारासारखाच आहार दिला. उंदीर रक्तक्षयाने आजारी पडले आणि यीस्टने तो टळला. पुढे मात्र असे लक्षात आले, की उंदरांच्या अंगावरील उवांमार्फत पसरणारा एक संसर्गही या आजारात मिसळला होता. म्हणजे पुरावा डागाळलेला. मग माकडांवर प्रयोग झाले. तोच आहार, तोच रक्तक्षय. मरणपंथाला लागलेल्या एका माकडाला विल्स यांनी मार्माइट देऊन पाहिले आणि ते पाहता पाहता सुधारले. मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टचा अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. काळसर, खारट आणि चवीला उग्र. पण स्वस्त, आणि त्यात मांसाचा अंशही नाही. मुंबईच्या रुग्ण स्त्रियांना तो दिला, तेव्हा काही दिवसांतच भूक परतली आणि रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्यापुढचे काम कमी गाजले, पण शास्त्रदृष्ट्या तेच अधिक मोलाचे मानावे लागेल. अतिशुद्ध केलेला यकृतअर्क घातक रक्तक्षयावर चाले, पण मुंबईच्या स्त्रियांवर चालेना. कच्चा अर्क मात्र चाले. अर्थात यकृतात दोन निराळे घटक असणार, हे विल्स यांनी ओळखले. त्यांतला एक पुढे १९४८ मध्ये ‘ब-१२’ म्हणून वेगळा काढण्यात आला. दुसरा काही काळ ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला जाई. १९४१ मध्ये टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी तब्बल चार टन पालकातून एक द्रव्य वेगळे केले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे ‘फॉलिक अॅसिड’ असे बारसे केले. विल्स यांचा घटक तो हाच. नव्या नावात त्यांचे नाव उरले नाही. हा भेद आजही जपावा लागतो. ‘ब-१२’ कमी असताना नुसते फॉलिक अॅसिड दिले तर रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

विल्स १९३३ मध्ये भारतातून परतल्या. १९३७ मध्ये त्या पुन्हा हाफकिनमध्ये आल्या, त्या वेळी समुद्रविमानाने. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लंडनमध्ये रोगनिदानतज्ज्ञ म्हणून काम केले, रॉयल फ्रीमध्ये रक्तविज्ञानाचा विभाग उभारला आणि १९४७ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यानंतरही जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका येथे पोषण आणि रक्तक्षयाच्या अभ्यासासाठी त्या फिरतच राहिल्या. त्यांनी लग्न केले नाही. कामावर सायकलने जाणाऱ्या या बाईंना बर्फावरून स्कीइंग करण्याचा भारी शौक होता. अखेरच्या वर्षांत चेल्सीच्या नगरपरिषदेत मजूर पक्षाच्या सदस्य म्हणून त्या बसल्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर सहा वर्षांनी, १९७० मध्ये, भारत सरकारने गर्भवती स्त्रियांना लोह आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. १९९१ मध्ये एका मोठ्या चाचणीने दाखवले, की गर्भधारणेच्या आसपास घेतलेले फॉलिक अॅसिड बाळाच्या मज्जारज्जूतील बरेचसे जन्मजात दोष टाळते. मुंबईतील निदानाचा हा उपयोग विल्स यांच्या कल्पनेतही नसावा. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात गर्भवतीच्या हातावर पडणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते.