लक्ष्मीबाई टिळक यांचे स्वखुषीचे आज्ञापालन

घरधनी प्रभूचा झाला म्हणजे सारे घर प्रभूचे झाले, असे आपल्या मंडळ्यांतून पुष्कळदा समजतात. लक्ष्मीबाईंचे चरित्र निराळे सांगते.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर गावी झाला. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा बाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे त्या मुलास घेऊन वेगळ्या राहिल्या. पुढे पतीकडे आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडिले नाही, व टिळकांनीही त्यांस धर्मांतराची सक्ती केली नाही. जातिभेद देवाने केला की मनुष्याने, याचा विचार करिता करिता बाईंनी आपण होऊन तो टाकिला. १९०० साली राहुरीस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

टिळक १९१९ साली निवर्तले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. लग्नानंतर लिहावाचावयास शिकलेल्या बाईंनी पुढील ६४ अध्याय रचिले. १९३६ साली त्या प्रभूकडे गेल्या.

देवपूरच्या बंधुभगिनींनो, घरच्यांस बळेच ओढू नका. त्यांच्यासाठी प्रार्थना करा, प्रीतीने वागा व वाट पाहा. उशिरा आलेला पण मनापासूनचा होकार सेवेत शेवटपर्यंत टिकतो, असे आम्हांस वाटते.