ताओला हसवणारा तत्त्वज्ञ

लाओत्सेची सूत्रे त्रोटक व गूढ. ताओविचाराला गोष्टींतून हसते-बोलते केले ते च्वांग त्सूने. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात, चिनी राज्ये परस्परांच्या जिवावर उठली असताना, तो सोंग राज्यात एका बागेवर किरकोळ अधिकारी होता. छूच्या वेई राजाने देऊ केलेले प्रधानपद त्याने बळीसाठी पोसलेल्या बैलाचा दाखला देऊन नाकारले, अशी नोंद इतिहासकार सिमा च्येनने केली आहे. पत्नी वारली तेव्हा तो भांडे बडवीत गात बसला, असे त्याच्या नावावरील ग्रंथात येते. तर्कपंडित मित्र हुई शी संतापला. आधी आपणही गलबललो होतो. पण मरण ऋतुपालटासारखेच, हा त्याचा खुलासा. इथे विनोदापेक्षा धैर्यच अधिक. १९८० च्या दशकात तैवानचे व्यंगचित्रकार त्साई चिह-चुंग यांनी या कथा चित्ररूपात आणल्या.