माता अहिल्याबाई

आज श्रावण वद्य चतुर्दशी. उद्या पिठोरी अमावास्या. उद्या सायंकाळी घरोघरी चौसष्ट योगिनींचे पूजन होईल. माउली खीरपुरीचे वाण मस्तकी घेऊन अतिथी कोण म्हणून विचारील, आणि पाठीशी उभे असलेले लेकरू आपले नाव सांगून ते वाण घेईल. पिठोरीच्या कहाणीतील सुनेची सात मुले गेली होती. सासऱ्याने घराबाहेर काढलेली ती दुःखी माता अरण्यात गेली आणि देवकन्यांच्या कृपेने तिला तिची सातही मुले परत मिळाली. आजच्याच तिथीस, शके १७१७ मध्ये, म्हणजे १३ ऑगस्ट १७९५ रोजी, महेश्वर येथे नर्मदातीरी देह ठेवणाऱ्या पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांना मात्र गेलेले कोणीच परत मिळाले नाही.

बाईंची देवालये सर्वांस ठाऊक आहेत. काशीचा विश्वेश्वर, प्रभासपट्टणचा सोमनाथ, गयेचे विष्णुपद, वेरूळचा घृष्णेश्वर, ही नावे शाळकरी मुलेही सांगतात. म्हणून आज त्यांचा विस्तार करीत नाही. या सर्वांमागे एक आई होती, तिचेच स्मरण करावयाचे आहे.

१७२५ साली चौंडी गावी माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी ही कन्या जन्मली. १७३३ मध्ये मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी विवाह झाला. १७४५ मध्ये मालेराव आणि १७४८ मध्ये मुक्ताबाई अशी दोन अपत्ये झाली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. बाई सहगमनास सिद्ध झाल्या. तेव्हा रणांगणात कधी न डगमगलेले वृद्ध मल्हारराव सुनेपुढे रडले. आता तूच माझा पुत्र, तूही गेलीस तर या म्हाताऱ्याने कोणाकडे पाहावे, अशा अर्थाची त्यांनी विनवणी केली. बाईंनी ती मानली आणि त्या मागे राहिल्या. सासऱ्यांनीही आपला शब्द खरा केला. सुनेला हिशेब, फौज, तोफखाना या सर्व गोष्टींत त्यांनी तयार केले. त्यांच्या पत्रांत तोफांच्या व्यवस्थेविषयी सुनेस केलेल्या सूचना आजही वाचावयास मिळतात.

मे १७६६ मध्ये आलमपूर येथे मल्हारराव निवर्तले आणि सुभेदारीची वस्त्रे मालेरावांस मिळाली. येथून या मातेची खरी परीक्षा सुरू होते. मालेरावांचे चित्त स्थिर नव्हते. आई ज्या ब्राह्मणांस दानधर्म करी, त्यांना देण्याच्या जोड्यांत हा मुलगा विंचू घालून ठेवी, आणि आई ते ऐकून अश्रू ढाळी, असे सर जॉन माल्कम याने माळव्यातील वृद्ध माणसांकडून ऐकून लिहून ठेवले आहे. पुढे संशयावरून मालेरावांच्या हातून एक कशिदा काढणारा कारागीर मारला गेला. तो निरपराध होता हे कळल्यावर मालेरावांचे मन पार ढासळले. त्या कारागिराच्या पिशाचानेच त्यांस पछाडले, असे लोक मानू लागले. बाई अहोरात्र मुलाच्या उशाशी बसून राहिल्या. त्या अदृश्य आत्म्याची त्या करुणा भाकीत. तुझे देऊळ बांधते, तुझ्या मुलाबाळांस जहागीर लावून देते, पण माझ्या मुलाला सोड, असे विनवीत. उपयोग झाला नाही. १७६७ मध्ये, सुभेदारीस वर्षही पुरे होण्यापूर्वी, मालेराव गेले.

येथे आम्हा कीर्तनकारांचा एक दोष कबूल करणे प्राप्त आहे. रथाखाली गाईचे वासरू मेले म्हणून न्यायासाठी अहिल्याबाईंनी पोटच्या पुत्रावर रथ घातला, ही कथा उत्तररंगात फार रंगते. श्रोत्यांच्या डोळ्यांस पाणी येते. मीही ती अनेक वर्षे सांगितली. परंतु तिला इतिहासात आधार नाही. मालेरावांस आईनेच मारविले अशी वदंता माल्कमच्याही कानी आली होती. त्याने कसून चौकशी केली आणि ती निराधार असल्याचे स्पष्ट लिहिले. ज्या आईने मुलाच्या प्राणांसाठी पिशाचापुढे पदर पसरला, तिच्याच हाती आम्ही रथाचे लगाम द्यावेत, हा मोठाच अन्याय झाला. आता मी ती कथा सांगत नाही.

पुढे राघोबादादांची चाल आली आणि बाईंच्या धैर्यापुढे ती परतली. तुकोजी होळकरांकडे फौज सोपवून बाईंनी महेश्वरी राहून, राज्य शंकराचे मानून, अठ्ठावीस वर्षे कारभार केला. पहाटेपूर्वी उठावे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, अन्नदान करून मग स्वतः साधे जेवण घ्यावे, दुपारपासून सायंकाळपर्यंत दरबार आणि रात्री पुन्हा कामकाज, असा त्यांचा नित्यक्रम होता. उद्या बैलपोळाही आहे, म्हणून एवढे सांगतो : उन्हाळ्यात महेश्वरच्या आसपास नांगरास जुंपलेले बैल थांबवून बाईंचे सेवक त्यांस पाणी पाजीत. पाखरांना निर्भयपणे दाणे टिपता यावेत म्हणून बाईंनी शेते विकत घेऊन ठेवली होती.

जीवाचा विसावा उरला होता तो मुक्ताबाईच्या घरी. जावई यशवंतराव फणसे आणि नातू नथ्याबा. मुलगा गमावलेल्या आजीचे सारे वात्सल्य त्या एका नातवावर एकवटले होते. तो तरुण वयात गेला. वर्षभराने, १७९१ मध्ये, यशवंतरावही गेले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला.

सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्याने जी विनवणी केली होती, तीच आता आईने लेकीपुढे केली. देवापुढे घालावे तसे लेकीपुढे लोटांगण घातले, मला एकटी टाकून जाऊ नकोस म्हणून परोपरीने आळविले. मुक्ताबाई शांत होती. तुझे वय झाले, तू थोड्याच वर्षांत जाशील, मग मी कोणासाठी राहू, असा तिचा प्रश्न होता. आईजवळ त्याचे उत्तर नव्हते. जिच्या शब्दाने संस्थान चालत होते, तिचा शब्द पोटच्या मुलीपाशी चालला नाही. ती दुष्ट रूढी पुढे कायद्याने बंद झाली हे फार बरे झाले. धर्माच्या नावाखाली ती कशी मायलेकींची ताटातूट करी, हे त्या दिवशी नर्मदेने पाहिले. बाई चितेपर्यंत चालत गेल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले होते. ज्वाला उठल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला, त्या आक्रोश करू लागल्या आणि सोडवता न येणारे स्वतःचेच हात त्यांनी दातांनी चावले. नंतर नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात गेल्या. तीन दिवस अन्न नाही, मुखातून शब्द नाही.

चौथ्या दिवसापासून पुन्हा पूजा आणि दरबार सुरू झाला असेल, असे आपण सहज म्हणून जातो. माल्कम एवढेच सांगतो की सावरल्यावर गेलेल्या जिवलगांचे सुंदर स्मारक बांधण्यात त्यांनी मन रमविले. त्यानंतर चार वर्षांनी, व्रतोपवासांनी क्षीण झालेला सत्तर वर्षांचा तो देह शांत झाला.

महेश्वरच्या वाड्यात मातीची इवली इवली शिवलिंगे करून त्यांचे अर्चन करण्याची आणि मग ती नर्मदेत सोडण्याची त्यांची प्रथा अद्याप चालू आहे. आज सकाळीही ती झाली असेल.