नागासाकीच्या राखेतून : डॉ. ताकाशी नागाई

नागासाकी हे नाव आम्हा वसईकरांना परके नाही. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी याच नगरात, निशिझाका टेकडीवर, क्रुसावर रक्तसाक्ष दिली. पुढे जपानी ख्रिस्तसभेचा अनन्वित छळ झाला. धर्मगुरूंवाचून सुमारे अडीचशे वर्षे तेथील श्रद्धावंतांनी श्रद्धा लपूनछपून जपली. उराकामी भागातील मोरियामा घराण्याकडे या गुप्त ख्रिस्ती समाजाचे पुढारीपण पिढ्यान्‌पिढ्या होते. वैद्यकीय महाविद्यालयाचा एक नास्तिक विद्यार्थी या घरी भाड्याने राहावयास आला. त्याचे नाव ताकाशी नागाई.

नागाई यांचा जन्म १९०८ साली मात्सुए येथे झाला. आईच्या मृत्यूने ते अंतर्मुख झाले, पास्कल या फ्रेंच विचारवंताचे लेखन वाचू लागले आणि मोरियामा कुटुंबाची प्रार्थना जवळून पाहू लागले. १९३४ साली त्यांनी स्नानसंस्कार स्वीकारला व त्याच वर्षी या घरची कन्या मिदोरी हिच्याशी विवाह केला. क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करताना, युद्धकाळात फिल्मच्या टंचाईमुळे, त्यांच्या शरीरात किरणोत्सार भिनत गेला. जून १९४५ मध्ये रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले. आयुष्य उरले होते अंदाजे तीन वर्षांचे.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी उराकामीवर अणुबॉम्ब फुटला. उराकामीच्या सुमारे १२ हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजार मृत्युमुखी पडले. कॅथेड्रलमध्ये स्वर्गोन्नयनाच्या सणासाठी पापनिवेदन चालू होते; तेथील कोणी वाचले नाही. नागाई स्वतः जबर जखमी झाले, तरीही जखमींची शुश्रूषा करीत राहिले. दोन दिवसांनी ते घरी पोहोचले, तेव्हा स्वयंपाकघराच्या जागी त्यांना मिदोरीची अस्थी आणि वितळलेली रोझरी सापडली. आजीसोबत डोंगरात पाठविलेली दोन मुले, माकोतो आणि कायानो, तेवढी वाचली.

आता येथे अनेक दशके गवतही उगवणार नाही, असे लोक बोलत होते. नागाई मात्र राखेत मुंग्या हिंडताना पाहून आशावले. स्वतःच्या घराच्या जागीच त्यांनी पत्र्याची खोपटी उभारली आणि शेजाऱ्यांना परत येण्याचे आवाहन केले. राहते घर, शाळा, बाजार यांची घडी बसण्याआधी माणसे परतली पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते. त्या वर्षीच्या नाताळच्या पूर्वसंध्येस ढिगाऱ्यातून उकरलेली कॅथेड्रलची घंटा लाकडी तिकाटण्याला टांगून वाजविण्यात आली. दुसरी घंटा फुटली होती. तिच्या जागी अमेरिकेतील कॅथलिकांनी दिलेली नवी घंटा २०२५ साली बसविण्यात आली व ९ ऑगस्ट रोजी दोन्ही घंटा एकत्र निनादल्या.

एका गोष्टीबद्दल मात्र नागाईंवर टीका झाली. २३ नोव्हेंबर १९४५ रोजी कॅथेड्रलच्या भग्नावशेषांपुढे मृतांसाठी मिस्सा झाली. त्या वेळच्या भाषणात त्यांनी उराकामीच्या मृतांना निष्कलंक यज्ञबळीची उपमा दिली. त्यामुळे युद्ध पेटविणाऱ्यांची आणि बॉम्ब टाकणाऱ्यांची जबाबदारी झाकली जाते, असा आक्षेप पुढे घेतला गेला. तो आक्षेप आम्हांस गैरलागू वाटत नाही. परंतु हा स्वर्गाने ख्रिस्ती लोकांना दिलेला दंड आहे, असे टोमणे ऐकणाऱ्या शोकाकुल माणसांपुढे, नुकताच विधुर झालेला एक गृहस्थ बोलत होता, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

१९४६ पासून ते अंथरुणास खिळले. पडल्या पडल्या ते लिहीत. ‘नागासाकीची घंटा’ हे पुस्तक त्यांनी १९४६ मध्ये पूर्ण केले, पण अमेरिकी प्रशासनाच्या नियंत्रणामुळे ते १९४९ साली छापले गेले, तेही जपानी सैन्याच्या मनिलातील अत्याचारांचा अहवाल जोडूनच. बक्षिसाच्या रकमेतून त्यांनी उराकामीसाठी चेरीची १ हजार रोपे घेतली. १९४८ साली गावच्या सुतारांनी त्यांना दोन चटयांएवढी झोपडी बांधून दिली. शेजाऱ्यावर स्वतःप्रमाणे प्रीती करण्याच्या प्रभूच्या आज्ञेवरून त्यांनी तिला ‘न्योकोदो’ हे नाव दिले. हेलन केलर तेथे आल्या, १९४९ मध्ये सम्राटांनीही त्यांची भेट घेतली. परिसरातील मुलांसाठी त्यांनी पुस्तकांचे छोटे कपाटही उघडले.

१ मे १९५१ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. कॅथेड्रल १९५९ साली पुन्हा उभे राहिले. ती झोपडी आजही त्याच्या जवळच आहे.