आर्चबिशप जॉन ह्यूज आणि शाळेतले बायबल



सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्म शिकवावा का, हा प्रश्न आपल्याला आजचा वाटतो. न्यूयॉर्कचे पहिले आर्चबिशप जॉन ह्यूज यांना तो 1840 सालीच पडला होता. त्यांची ओळख आज करून घेऊ.

ह्यूज यांचा जन्म 1797 साली आयर्लंडमध्ये एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. तेथील कायद्यांनी कॅथलिकांना जखडून टाकले होते. त्यांची बहीण मेरी वारली तेव्हा धर्मगुरूंना दफनभूमीत पाऊल टाकता आले नाही. त्यांनी फाटकाबाहेर मूठभर माती आशीर्वादित करून दिली आणि तीच कबरीवर टाकण्यात आली.

1817 साली ते अमेरिकेला गेले. मेरीलँडच्या सेमिनरीत आधी माळीकाम केले, मग तेथेच शिकून 1826 साली ते धर्मगुरू झाले. 1838 साली ते न्यूयॉर्कला बिशप म्हणून आले.

शहरातल्या शाळांचा कारभार तेव्हा पब्लिक स्कूल सोसायटी या खाजगी संस्थेकडे होता; पैसा मात्र जनतेचा. आमच्या शाळा कोणत्याच पंथाच्या नाहीत, असे संस्था सांगे. प्रत्यक्षात वर्गात प्रॉटेस्टंट भाषांतराचे बायबल वाचले जाई आणि काही पुस्तकांत कॅथलिकांची निंदा असे. अनेक आयरिश मजुरांनी मुलांना शाळेत पाठवलेच नाही.

कॅथलिक शाळांनाही त्या निधीतून वाटा मिळावा, म्हणून ह्यूज ऑक्टोबर 1840 मध्ये नगरपरिषदेपुढे दोन दिवस एकटे बोलले. एका पंथाला दिले तर सगळेच मागतील, असा विरोधकांचा आक्षेप होता. तोही पोकळ नव्हता. मागणी फेटाळली गेली. 1842 च्या कायद्याने लोकनियुक्त शिक्षण मंडळ आले, परंतु पंथीय शिकवण देणाऱ्या शाळांना पैसा नाकारला गेला. त्याच सुमारास जमावाने ह्यूज यांच्या निवासस्थानावर दगडफेक केली.

मग त्यांनी गरिबांच्या वर्गणीतून धर्मग्रामांच्या शाळा उभारल्या. 1864 साली ते देवाघरी गेले. सरकारी शाळांतले बायबलवाचन पुढेही चालू राहिले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले ते 1963 साली.

आपल्या राज्यघटनेच्या 28 व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेतही पालकांच्या संमतीविना मुलाला त्यात बसवता येत नाही. हे कलम आपल्या मुलांचे रक्षण करते, तसेच आपल्या शाळांत शिकणाऱ्या इतरधर्मीय मुलांचेही. न्यूयॉर्कमध्ये ज्या बाकावर आयरिश मूल बसे, त्या बाकावर आपल्या शाळेत कोण बसते, याचा विचार आपण करावा, असे आम्हांला वाटते.

सरकारने श्रद्धा शिकवू नये हे मान्य केले, तर ती शिकवण्याचे काम घराकडे व धर्मग्रामाकडे येते. म्हणून पालकांनो, रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला मुलांना वेळेवर पाठवा, आणि घरी आल्यावर आज काय शिकलास, हेही विचारा.