चुकलो, असे म्हणणारा पुढारी

परभणीत वसमत रस्त्याने सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्हा निवृत्तांचा एक कट्टा आहे. मागच्या आठवड्यात विषय निघाला तो पुढाऱ्यांच्या बोलण्याचा. आज एक बोलायचे आणि उद्या गदारोळ झाला की वर्तमानपत्रांनी विपर्यास केला म्हणायचे, हे आता कुणाला नवे राहिलेले नाही. चूक झाली असे सरळ सांगणारा पुढारी कुणी पाहिला आहे का, असे एका मित्राने विचारले. सगळे हसले. मला मात्र गोपाळ कृष्ण गोखले आठवले आणि त्यांच्यापाठोपाठ माझ्याच नोकरीतली एक जुनी फाइलही आठवली. फाइलीचे शेवटी सांगतो.

गोखल्यांचा जन्म १८६६ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. वडील लवकर गेले. थोरल्या भावाने शिक्षण सोडून कागलला पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवले. शाळेतली त्यांची एक गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. घरी दिलेले गणित बरोबर आले म्हणून गुरुजींनी त्यांना पहिल्या जागी बसायला सांगितले, तर हा मुलगा रडू लागला, कारण गणित दुसऱ्याच्या मदतीने सोडवलेले होते. लहानपणीच्या अशा गोष्टी थोरांच्या चरित्रात असतातच. खरी परीक्षा झाली ती वयाच्या एकतिसाव्या वर्षी, आणि तिथे शाबासकी द्यायला कुणी गुरुजी नव्हते.

१८९७ साल. पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरून रोगी शोधत होते. स्वयंपाकघर, देवघर, काही वर्ज्य नव्हते. लोक संतापलेले होते. फर्ग्युसन कॉलेजात शिकवणारे गोखले त्या वेळी वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेला गेले होते. साक्ष उत्तम झाली. हिंदुस्थानच्या खर्चाचे आकडे त्यांना तोंडपाठ होते.

तिकडे त्यांना पुण्याच्या स्नेह्यांची पत्रे येत होती. सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीने जीव दिला, असे त्यांत होते. लिहिणारी माणसे विश्वासातली. २२ जूनच्या रात्री चापेकरांनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर लवकरच गोखल्यांनी हा आरोप मँचेस्टर गार्डियन या वर्तमानपत्रातून जाहीर केला. विलायतेत खळबळ माजली. मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला आणि पुरावा मागितला.

जुलैअखेर गोखले मुंबईला उतरले. वातावरण कसे होते ते पाहा. २७ जुलैला टिळकांना राजद्रोहासाठी अटक झालेली, नातूबंधूंना स्थानबद्ध केलेले. ज्यांनी पत्रे लिहिली, त्यांच्यातला एकही माणूस पुढे येऊन साक्ष द्यायला तयार होईना. त्यांच्या भीतीला दोष देणे आपल्याला सोपे आहे; त्या दिवसांत ती भीती खरी होती.

गोखल्यांपुढे तीन वाटा होत्या. पत्रलेखकांची नावे सरकारला सांगून अंग काढून घ्यायचे, ही एक. बोलण्याचा विपर्यास झाला म्हणायचे किंवा मौन धरून वादळ विरू द्यायचे, ही दुसरी. तिसरी वाट सगळ्यांत अवघड होती आणि तीच त्यांनी धरली. न्यायमूर्ती रानडे आदी वडीलधाऱ्यांशी बोलून त्यांनी ऑगस्टमध्ये जाहीर माफीपत्र दिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट, प्लेग कमिटी आणि सोजीर, सर्वांची विनाअट माफी मागितली. पत्रलेखकांची नावे त्यांनी सांगितली नाहीत. सगळा दोष स्वतःकडे घेतला.

पुण्यात सोजिरांचा जाच झालाच नव्हता, असा याचा अर्थ नव्हे. तक्रारी पुष्कळ होत्या आणि त्या खऱ्या होत्या. पण ज्या एका भयंकर आरोपाला आपण पुरावा देऊ शकत नाही, तो जगापुढे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नव्हता, एवढेच गोखल्यांनी मान्य केले. आपली माणसे रागावलेली असताना, राज्यकर्त्यांपुढे मान खाली घालून ते मान्य करणे किती कठीण! त्यांना भित्रे म्हटले गेले. त्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेस भरली, तिथेही लोकांच्या नाराजीला तोंड द्यावे लागले. ते दुखावले, पण रुसून घरी बसले नाहीत. पुढच्या प्लेगात पुण्यातल्या गल्लीबोळांतून रोग्यांची सेवा करत हिंडले.

१८९९ साली ते मुंबई कायदे कौन्सिलात निवडून आले. १९०२ मध्ये कलकत्त्याला वरिष्ठ कौन्सिलात त्यांनी अंदाजपत्रकावर जे भाषण केले, ते गाजले. सरकारच्याच आकड्यांनी त्यांनी दाखवले, की तिजोरीतली शिल्लक ही गरिबावरच्या जादा कराची आहे. १९०३ मध्ये मिठावरचा कर कमी झाला. १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष झाले. गांधीजींनी त्यांना राजकीय गुरू मानले. मला वाटते, की १८९७ नंतर गोखल्यांनी न तपासलेला आकडा तोंडातून काढला नसावा. म्हणूनच त्यांच्या शब्दाला विरोधकांच्या बाकांवरही वजन आले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी ते गेले, तेव्हा जन्मभर मतभेद असलेले टिळक स्मशानात त्यांच्याविषयी आदराने बोलले.

आता फाइलीचे. १९९४ साली मी एका बँकेत, तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. आमचा एक कारकून पीककर्जासाठी पैसे घेतो, असे दोघा-तिघांनी मला तोंडी सांगितले. मी तसा अहवाल वर पाठवला. चौकशी आली तेव्हा सांगणाऱ्यांपैकी कुणीच बोलायला आले नाही. मी शेरा मारला, पुराव्याअभावी प्रकरण बंद. कारकुनाची मात्र दूर बदली झाली. मी न तपासता लिहिले, हे मी वरिष्ठांना कळवले नाही आणि त्यालाही म्हणालो नाही.

काही वर्षांनी परभणीच्या बसस्थानकावर तो भेटला. साहेब म्हणून नमस्कार केला. मी मुलाबाळांची चौकशी केली. तेवढ्यात बस लागली आणि मी चढलो.

कट्ट्यावर मी गोखल्यांची गोष्ट सांगितली, ही सांगितली नाही. त्याचा पत्ता मिळवला आहे. हा लेख छापून येण्याआधी त्याला पत्र टाकणार आहे.