रविवारची सुट्टी मिळवून देणारे रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

हिंगोली : रविवार आला की शाळा बंद, कचेरी बंद. ही सुट्टी जणू पहिल्यापासूनच आहे, असं सगळ्यांना वाटतं. पण गिरणी कामगाराला ही सुट्टी कोणी आपणहून दिली नाही. त्यासाठी सहा वर्षं झगडावं लागलं. त्या झगड्यात सगळ्यात पुढे होते नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, एका गरीब माळी कुटुंबातला. मूळ गाव पुणे जिल्ह्यातलं कन्हेरसर. ठाण्यात मॅट्रिकपर्यंत शिक्षण झालं. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी केली. पुढे मुंबईत मांडवी भागातल्या कापड गिरणीत ते स्टोअरकीपर म्हणून लागले. गिरणीतलं जिणं त्यांनी तिथं रोज डोळ्यांनी पाहिलं.

त्या काळी गिरणीत विजेचे दिवे नव्हते. त्यामुळे दिवस उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम तेरा-चौदा तासांचं. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसाला कापसाची धूळ काय असते, ते सांगायला नको. तीच धूळ गिरणीत दिवसभर छातीत जायची. यंत्रात हात सापडला तर दवापाणी घरचं आणि पगार बंद. पगारही महिना-महिना उशिरा. बाप पहाटे निघायचा तेव्हा लेकरं झोपलेली आणि रात्री परतायचा तेव्हाही झोपलेलीच. माणूस अंगानं खचायचा, तसा मनानंही खचायचा.

महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाशी लोखंडे जोडलेले होते. 'दीनबंधू' हे पत्र कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलं होतं. १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईतून चालवायला घेतलं. कामगारांची गाऱ्हाणी त्यात छापून येऊ लागली.

१८८४ मध्ये सरकारनं कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्या साध्या होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू, सूर्य मावळला की बंद. मागच्या महिन्याचा पगार १५ तारखेच्या आत. कामावर जबर इजा झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय.

नुसता पगार मागून ते थांबले नाहीत. काम करणाऱ्याच्या शरीराला आणि मनाला विसावा पाहिजे, दुखलं-खुपलं तर मालकानं सांभाळलं पाहिजे, असा त्या अर्जाचा सरळ अर्थ होता. 'बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन' ही त्यांची संघटना. देशातल्या कामगार चळवळीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं, ते याच कामामुळे.

अर्ज बरेच दिवस तसाच पडून राहिला. लोखंडे यांनी पाठपुरावा सोडला नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. दोन कामगार बायाही तिथं बोलायला उभ्या राहिल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार. तोच आता कामगाराच्या विसाव्याचा दिवस झाला. १८९१ च्या कारखाना कायद्यानं आठवड्याची सुट्टी पक्की केली आणि बायांच्या कामाला ११ तासांची मर्यादा घातली.

पुढे सरकारनं त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. पण ते कामगारांच्या वस्तीपासून दूर गेले नाहीत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. लोक जीव मुठीत धरून गावाकडे पळत होते. लोखंडे मात्र मागं राहून रोग्यांच्या सेवेत आणि दवाखान्याच्या कामात गुंतले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. भारतीय टपाल खात्यानं २००५ मध्ये त्यांचं तिकीट काढलं. मुंबईत परळच्या श्रम विज्ञान संस्थेला त्यांचंच नाव आहे.

हिंगोली त्या वेळी निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे इंग्रजांचा हा कायदा इथं लागू नव्हता. आज देशभर एकच कायदा आहे. तरी सेनगाव, कळमनुरी, औंढ्याकडून उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला रविवार कुठं मिळतो? तापानं फणफणलेला माणूसही फडात उभा राहतो, कारण एक दिवस बसलं तरी खाडा धरून पैसे कापले जातात. बाळंतिणीलाही थांबता येत नाही. इजा झाली तर खर्च कोणी करायचा, यावर मुकादम आणि कारखाना एकमेकांकडे बोट दाखवतात.

रविवारी विसावा, इजा झाली तर पगार. १८८४ च्या अर्जातल्या याच दोन मागण्या उसाच्या फडात आजही बाकी आहेत.